फाइल आपली ओळख सांगते तेव्हा

जवळा बाजारच्या मोंढ्यात काट्याच्या चिठ्ठीवर नुसतंच ‘४२.५०’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ कुणाला लागेल? माल कोणता, शेतकरी कोण, किलो की क्विंटल, तारीख कोणती, एवढं सोबत असलं तरच त्या आकड्याला मोल येतं.

जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे त्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. तिला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वलहरींची ही वेधशाळा रात्रंदिवस आकडे लिहील. ते आकडे ज्याने यंत्र पाहिलंच नाही त्याला कसे वाचता येतील, या प्रश्नाला जुना इतिहास आहे.

चुंबकीय फितींच्या काळात प्रत्येक संगणकाची लिहिण्याची रीत वेगळी होती. एक यंत्र आकड्याचा मोठा बाइट आधी लिही, दुसरं लहान. फितीसोबतचा कागद हरवला की फीत मुकी. १९७९ मध्ये वेल्स, ग्राइसेन आणि हार्टेन या खगोलशास्त्रज्ञांनी ‘फिट्स’ची मांडणी केली. आरंभी साध्या अक्षरांतलं शीर्षक, त्यात एक आकडा किती बिटांचा, चित्राला मिती किती, हे सगळं. मग ‘एंड’ हा शब्द आणि त्यानंतर आकडे. शीर्षकाची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, म्हणजे पंचकार्डाच्या रुंदीएवढी. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणंही तिच्या स्वतःच्या स्वरूपातून फिट्समध्ये उतरवली जातात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हवामानवाल्यांसाठी अमेरिकेत ‘नेटसीडीएफ’ आलं. इलिनॉय विद्यापीठात १९८७ मध्ये ‘एचडीएफ’चं काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये ‘एचडीएफ५’ तयार झालं. यात एका शीर्षकाच्या जागी झाड आलं: मुळाशी विचारायचं, फांद्या कोणत्या? प्रत्येक फांदीला विचारायचं, तुझ्यात काय आहे, किती आहे, एकक कोणतं? आत काय आहे हे आधी ठाऊक नसलं तरी वाचणारा शेंड्यापर्यंत पोचतो.

१४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेल्या पहिल्या गुरुत्वलहरीची ३२ सेकंदांची एचडीएफ५ फाइल आज कुणालाही मोफत उतरवून घेता येते. उघडली की तीन फांद्या दिसतात: मेटा, क्वालिटी, स्ट्रेन. स्ट्रेनमध्ये १,३१,०७२ आकडे आहेत. दोन आकड्यांमधलं अंतर तिथेच नोंदलेलं आहे, ०.०००२४४१४०६२५ सेकंद, म्हणजे सेकंदाला ४०९६ नोंदी. आरंभाची वेळ १,१२,६२,५९,४४६ ही ६ जानेवारी १९८० पासून मोजलेल्या जीपीएस सेकंदांत आहे. वेधशाळा कोणती, ते मेटा सांगते. कोणत्या सेकंदाचा आकडा भरवशाचा, ते क्वालिटी. यंत्राने आपला कमकुवतपणाही फाइलीत लिहून ठेवावा, हा प्रामाणिकपणा मला या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोलाचा वाटतो.

दुधाळ्याची फाइल पुढे जपानमधला किंवा जवळा बाजारातला विद्यार्थी उघडेल. लिहिणाऱ्याला विचारायला तो जाऊ शकणार नाही. म्हणून आज शाळेच्या अंगणात पाऊस मोजणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी: मिलिमीटर, ठिकाण आणि वेळ त्याच वहीत, आकड्याच्या शेजारी लिहा.