दिल्ली दरवाजावरचा गंडभेरुंड

श्रोतेहो, रविवारी अमरावतीहून गाड्या निघतात, परतवाड्याला चहा घेऊन घाट चढतात. चिखलदऱ्याचं धुकं, कॉफी, दोन-तीन पॉइंट आणि परत! शेजारचा गाविलगड राहूनच जातो. १४८८ साली या बहामनी किल्ल्याची डागडुजी फतहुल्ला इमादुल्मुल्कानं केली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक मूळचा विजयनगरकडच्या कानडी हिंदू घरातला, लहानपणी लढाईत पकडून आणलेला. गडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरला आहे, विजयनगरच्या राजचिन्हांतला. धर्म बदलला, धनी बदलला, तरी पोरपणीचं पाखरू त्याच्या मनातून उडालं नसावं, असं आपलं मला वाटतं. १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांनी तट फोडून गड घेतला. पाखरू अजून दरवाजावरच आहे. मुलांना ते आधी दाखवा. कॉफी काय, येतानाही मिळते.