आपल्या पायाखालचा काळा दगड

आम्ही बजाजनगरच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या बहुतेक जणी नवऱ्याच्या नोकरीपायी गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबड अशा तालुक्यांतून इथे आलो. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या आसऱ्याने माळरानावर ही वसाहत वाढली. इथे नळाला जायकवाडीचे पाणी येते. पण आमची शेतं, सासू-सासरे आणि विहिरी गावाकडेच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीने गटाकडे कर्ज मागितले. गावाकडच्या शेतात बोअर घ्यायचे होते. दोन बोअर आधीच कोरडे गेले होते, दुसऱ्याच्या वेळी गळ्यातले गहाण पडले होते. शेजारच्या शेतात मात्र भरपूर पाणी. ती म्हणाली, "त्यांना लागतं, मग मलाच का नाही? माझं नशीबच फुटकं." हो म्हणावे की नाही, आम्हाला कळेना. तेव्हा ठरवले, आधी ही जमीन समजून घ्यायची. जे समजले ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या पायाखाली काळा दगड आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन याच दगडावर आहे. हा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जन्मला. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून आतून तापलेला लाव्हा बाहेर येत होता आणि दूरवर पसरत होता. एक थर आला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. तव्यावरून एकेक धिरडे काढून ताटात रचत जावे, तसे थरावर थर बसले.

धिरड्याच्या वरच्या अंगाला जाळी पडते ना? लाव्ह्यातली वाफ आणि वायू वर येऊन थराच्या वरच्या बाजूलाही तशीच भोके पडली. मधला भाग मात्र सावकाश थंड झाला, तो घट्ट, काळा पाषाण. दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात खालचा दगड झिजून त्याची माती झाली आणि वरच्या तापाने ती भाजली गेली. विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा खडक, मग काळा पाषाण लागतो, तो हा सगळा इतिहास.

त्या काळी आपला देश आजच्या जागेवर नव्हता. पृथ्वीचे कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आतला तापलेला खडक फार संथपणे हलतो आणि त्याबरोबर हे पट्टही सरकतात. आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला. तो रेटा अजून थांबलेला नाही. वर्षाला चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात तेवढ्या गतीने.

आता पावसाचे बघा. सह्याद्रीही याच काळ्या दगडाच्या थरांचा. उन्हाळ्यात जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून ओला वारा येतो. तो सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि आपल्याकडे सातशेच्या आसपास. बंगालच्या उपसागराकडून येणारे ढग आणि परतीचा पाऊस यांच्यावर आपली बरीच भिस्त. म्हणजे या दगडाने पाऊस पलीकडे अडवला, आणि जो आला तो पोटात साठवायलाही पाषाणात जागा नाही. पाणी राहते ते मुरमात, भोकाभोकांच्या खडकात आणि भेगांत. भेग तुमच्या शेतातून गेली तर पाणी, शेजारच्या शेतातून गेली तर तुमचे तीनशे फूट कोरडे. यात नशिबाचा संबंध नाही.

आपल्या आधीच्या माणसांना हा दगड चांगला ठाऊक होता. वेरूळला जाऊन बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलास लेणे कोरले, ते कळसापासून पायापर्यंत, वरून खाली. त्याला घट्ट, अखंड थर हवा. मध्ये मोठी भेग निघाली असती तर बदलायला दुसरा दगड नव्हता. कारागिरांनी आधी डोंगर वाचला, मग छिन्नी लावली. देवगिरीच्या किल्ल्याचा खंदकही याच पाषाणात खोदलेला.

पुढे 1610 साली मलिक अंबरने खडकी गाव वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गावाला पाणी हवे होते. त्याने शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरींतून उताराने शहरात आणले. ना मोट, ना इंजिन. नुसता उतार आणि दगडाची जाण. शेकडो वर्षे लोक ते पाणी प्याले. पुढे तशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि तिच्यावर धान्य दळले गेले.

बायांचे आणि या दगडाचे नाते तर घरातलेच. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, सगळे याच दगडाचे. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावणारी बाई दारात यायची आणि छिन्नीने त्याला पुन्हा धार आणायची. कोणता दगड पिठात कचकच सोडेल, हे आपल्या आज्या वाजवून सांगायच्या.

मग 1972 चा दुष्काळ आला. आमच्या सासवा अजून त्याच्याबद्दल बोलतात. विहिरी आटल्या, गुरे गेली आणि घरच्या बाया खडी फोडायला गेल्या. डोक्यावर पदर, हातात हातोडा, दिवसभर हाच काळा दगड. खायला सुकडी. त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. तलावाचे नाव पाझर का? कारण त्याने पाणी नुसते साठवायचे नसते, मुरमात आणि भेगांत मुरवायचे असते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 चीच, आणि रोजगार हमीचा कायदा 1977 चा. बायांच्या त्या घामाचा त्या कायद्यात वाटा आहे.

भूपट्टाचा रेटा आपल्यापर्यंत पोहोचत नाही असे सगळे समजत होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ती मेली भिंतींखाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर धाब्याचे ओझे. आडवा सांधा नाही, कोपऱ्याला बांधणी नाही. तोच दगड नीट घडवून, दोन्ही अंगांना आरपार जाणारे लांब दगड घालून, वर पट्टा बांधून रचला असता तर कितीतरी घरांनी माणसांना बाहेर पडायला वेळ दिला असता. नंतर घरे बांधताना आणि दुरुस्त करताना गावोगावच्या बाया पुढे आल्या, सिमेंट-सळईचा हिशेब शिकल्या.

हे सगळे ऐकून आम्ही त्या मैत्रिणीसोबत तिच्या शेतावर गेलो. कोपऱ्यात सासऱ्यांच्या काळातली विहीर होती, बोअर आल्यापासून पडीक. निम्मी गाळाने भरलेली. आत वाकून पाहिले तर मुरूम आणि भोकाभोकांचा खडक स्पष्ट दिसत होता. जिथे पाणी मुरते तोच थर. पण गाळाखाली झाकलेला.

गटाने कर्ज दिले, पण बोअरसाठी नाही. गाळ काढायला आणि वरच्या ओघळीचे पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत सोडायला. पैसेही बोअरच्या निम्म्याहून कमी लागले. आता आमच्या गटाचा नियम झाला आहे. बोअरसाठी कर्ज मागणारीने आधी तीन गोष्टी करायच्या. शेजारच्या पाच विहिरींत पाणी किती खोल आहे, ते दोरीने मोजून वहीत लिहायचे. विहिरीच्या कडेला कोणते थर दिसतात ते पाहायचे. आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जाऊन विचारायचे. पाणाड्याचा नारळ त्यानंतर.

त्या मैत्रिणीचे गळ्यातले अजून सुटलेले नाही. विहिरीला यंदा पाणी आले आहे, किती टिकते ते होळीला कळेल. तोवर ती दर आठवड्याला दोरी सोडून मोजते आहे. तुम्हीही तुमच्या विहिरीपासून सुरुवात करा. दोरीला गाठी मारा आणि पहिली नोंद याच आठवड्यात लिहा.