अवक्षेप (दुहेरी विस्थापन अभिक्रिया)

दोन विद्राव्य क्षारांची द्रावणे एकत्र केली असता आयनांची अदलाबदल होऊन जो अविद्राव्य पदार्थ द्रावणातून घनरूपात वेगळा होतो, त्यास अवक्षेप असे म्हणतात. ही अदलाबदल ज्या अभिक्रियेत घडते ती दुहेरी विस्थापन अभिक्रिया होय. रासायनिक समीकरणात अवक्षेप खाली रोखलेल्या बाणाने (↓) दर्शवितात. क्षारांतील आयन ओळखणे, पाण्याचे परीक्षण आणि पाण्याचे शुद्धीकरण यांत अवक्षेपणाचा उपयोग होतो.

स्वरूप

सिल्व्हर नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड ↓ + सोडिअम नायट्रेट

या अभिक्रियेत सिल्व्हर व क्लोराइड आयन एकत्र येऊन पांढरा अवक्षेप तयार होतो. सोडिअम व नायट्रेट आयन द्रावणात जसेच्या तसे राहतात, म्हणून त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. पोटॅशिअम नायट्रेट व सोडिअम क्लोराइड यांची विरल द्रावणे मिसळल्यास चारही आयन विरघळलेलेच राहतात. तेथे अवक्षेप मिळत नाही आणि प्रत्यक्षात अभिक्रियाही घडत नाही.

कोणता पदार्थ अवक्षेपित होईल?

प्रथम धन व ऋण आयनांच्या जोड्या बदलून संभाव्य उत्पादिते लिहितात. त्यानंतर प्रत्येकाची विद्राव्यता पुढील नियमांनी तपासतात.

• सोडिअम, पोटॅशिअम व अमोनिअमचे सामान्य क्षार तसेच सर्व नायट्रेट विद्राव्य असतात.
• क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड बहुधा विद्राव्य असतात. सिल्व्हर व लेड यांचे हे क्षार अपवाद आहेत.
• सल्फेट बहुधा विद्राव्य असतात. बेरिअम, स्ट्राँशिअम व लेड यांची सल्फेट अविद्राव्य, तर कॅल्शिअम सल्फेट अल्पविद्राव्य असते.
• कार्बोनेट, फॉस्फेट व हायड्रॉक्साइड बहुधा अविद्राव्य असतात. सोडिअम व पोटॅशिअमची ही संयुगे विद्राव्य आहेत. बेरिअम हायड्रॉक्साइडही विरघळते.

काही वेळा दोन्ही उत्पादिते अविद्राव्य असतात. कॉपर सल्फेट व बेरिअम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेत निळसर कॉपर हायड्रॉक्साइड व पांढरे बेरिअम सल्फेट एकाच वेळी अवक्षेपित होतात.

ओळखण्याच्या कसोट्या

रंग ही पहिली खूण आहे. लेड आयोडाइड पिवळे, कॉपर हायड्रॉक्साइड निळे, फेरिक हायड्रॉक्साइड तांबूस तपकिरी, तर अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड पांढरे व चिकट लगद्यासारखे असते. मात्र पांढरे अवक्षेप अनेक असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढील कसोटी घ्यावी लागते.

• बेरिअम कार्बोनेट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुड्यांसह विरघळते. बेरिअम सल्फेट विरघळत नाही.
• सिल्व्हर क्लोराइड विरल अमोनियाच्या द्रावणात विरघळते; पिवळे सिल्व्हर आयोडाइड विरघळत नाही.
• लेड आयोडाइड गरम पाण्यात विरघळते व थंड होताना सोनेरी चकाकणाऱ्या स्फटिकांच्या रूपात पुन्हा दिसते.

दैनंदिन उदाहरणे

यवतमाळ जिल्ह्याचा पुसदसह मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. खडकांतून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार अधिक प्रमाणात विरघळले, की पाणी दुष्फेन होते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण साबणातील सोडिअम क्षारापासून कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे अविद्राव्य क्षार बनून पांढरट साका तयार होतो. धुण्याचा सोडा घातल्यास कॅल्शिअम कार्बोनेट अवक्षेपित होऊन पाणी सुफेन होते. ही दोन्ही दुहेरी विस्थापनाची उदाहरणे आहेत. पाणी उकळल्यावर भांड्याला बसणारा पांढरा थर मात्र मुख्यत्वे बायकार्बोनेटच्या अपघटनामुळे तयार होतो.

फ्लोराइड आणि अवक्षेप-कसोटीची मर्यादा

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइडचे अधिक प्रमाण आढळल्याची नोंद आहे. असे पाणी दीर्घकाळ प्याल्याने दातांवर डाग पडतात व हाडे आणि सांधे यांना कायमचा विकार होऊ शकतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे.

क्लोराइड ओळखणारे सिल्व्हर नायट्रेट येथे निरुपयोगी ठरते, कारण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळते. कॅल्शिअम फ्लोराइड 'अविद्राव्य' गणले जाते. तरीही शुद्ध पाण्यात ते लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळते आणि त्यातून सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड द्रावणात येते. म्हणजेच मर्यादेच्या कित्येक पट फ्लोराइड असूनही पाणी नितळ राहू शकते. पाण्यात कॅल्शिअम वाढविल्यास हे प्रमाण घटते, परंतु केवळ त्या उपायाने पाणी पिण्यायोग्य मर्यादेत आणणे कठीण असते. म्हणून अवक्षेप न दिसणे हा आयन नसल्याचा पुरावा ठरत नाही. फ्लोराइडचे मापन विशिष्ट विद्युतअग्राने किंवा रंगमापन पद्धतीने करतात.

फ्लोराइड काढण्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात चुना व तुरटी मिसळतात. त्यांपासून बनणाऱ्या अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडच्या लगद्यासारख्या अवक्षेपाला फ्लोराइड चिकटते व त्याच्यासोबत तळाशी बसते. मुख्य अभिक्रिया पुढीलप्रमाणे लिहिता येते.

अॅल्युमिनिअम सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ↓ + कॅल्शिअम सल्फेट

या प्रमाणात कॅल्शिअम सल्फेट बहुतांशी विरघळलेलेच राहते. गाळ बसल्यावर वरचे पाणी गाळून घेतात आणि त्यातील फ्लोराइड पुन्हा मोजतात. गाळात फ्लोराइड साठलेले असल्यामुळे तो विहिरीजवळ किंवा जलस्रोतात टाकणे योग्य नसते.