झिर्कॉनमधील लेश मूलद्रव्ये आणि रूपांतरित खडकांचा पूर्वेतिहास

झिर्कॉन हे झिर्कोनियमचे सिलिकेट खनिज होय. ग्रॅनाइटात, पट्टिताश्मात आणि समुद्रकाठच्या वाळूतही त्याचे बारीक कण आढळतात. केरळमधील चवरा येथील काळी वाळू त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा कण सहसा झिजत नाही आणि स्फटिक बनताना थोडे युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे पुढे त्यात सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते व दोहोंच्या प्रमाणावरून कणाचे वय काढता येते.

घड्याळ वेळ दाखवते. त्या वेळी काय घडले, हे ते सांगत नाही. रूपांतरित खडकांबाबत नेमकी हीच अडचण येते. असा खडक खोल गाडला जातो, तापतो, दाबला जातो आणि पुन्हा वर येतो. या प्रवासात झिर्कॉनच्या जुन्या गाभ्यावर नवे थर चढतात, म्हणजे एकाच कणाला अनेक वये असतात. यांतील एखादे वय भलत्याच टप्प्याला जोडले, तर पर्वताच्या जन्मकथेचा क्रमच उलटापालटा होतो. येथे लेश मूलद्रव्ये, म्हणजे दशलक्ष भागांत काही भाग अशा अत्यल्प प्रमाणात असणारी मूलद्रव्ये, उपयोगी पडतात.

सर्वांत जुनी खूण थोरियम व युरेनियम यांच्या गुणोत्तराची. शिलारसातून बनलेल्या झिर्कॉनमध्ये ते बहुधा ०.२ हून अधिक, तर रूपांतरणात वाढलेल्या थरांत अनेकदा ०.१ हून कमी असते. हा ठोकताळा सोयीचा खरा, पण अतिशय उच्च तापमानात बनलेले रूपांतरित झिर्कॉन तो सर्रास मोडतात. केवळ त्यावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

अधिक भरवशाचा पुरावा शेजारच्या खनिजांचा. गार्नेटला जड विरल मृत्तिका मूलद्रव्यांची हाव असते. गार्नेटच्या सान्निध्यात वाढणाऱ्या झिर्कॉनच्या वाट्याला इटर्बियम, ल्युटेशियम कमी येतात आणि गॅडोलिनियमशी त्यांचे गुणोत्तर घटते. प्लॅजिओक्लेज फेल्स्पार युरोपियम ओढून घेतो. तो शेजारी असेल, तर झिर्कॉनमध्ये युरोपियमची तूट दिसते. अतिउच्च दाबाखाली प्लॅजिओक्लेज टिकत नाही, म्हणून तेथे वाढलेल्या थरात ही तूट सहसा नसते. तापमानासाठी टायटॅनियमचा आधार घेतात. ब्रूस वॉटसन व मार्क हॅरिसन यांनी २००५ मध्ये या तापमापकाचा वापर करून दाखवला. जितके तापमान अधिक, तितके टायटॅनियम अधिक.

या पद्धतीचे सामर्थ्य उत्तर कझाकस्तानातील कोकचेताव येथील खडकांत उत्तम दिसते. तेथील पट्टिताश्मांतील गार्नेटमध्ये सूक्ष्म हिरे असल्याचे निकोलाय सोबोलेव्ह व व्लादिस्लाव शात्स्की यांनी १९९० मध्ये जाहीर केले. भूकवचाचा खडक शंभराहून अधिक किलोमीटर खोल जाऊन परत आला, याचा हा पुरावा होता. तो किती वेगाने परतला, हा खरा प्रश्न.

२००१ मध्ये योर्ग हर्मान, दानिएला रुबाट्टो आणि सहकाऱ्यांनी येथील झिर्कॉनचे थर आयनकिरणांनी एकेक करून तपासले. एका थरात हिऱ्याचे कण बंदिस्त होते व युरोपियमची तूट नव्हती. म्हणजे तो तळाशी, सुमारे १४० किलोमीटर खोलीवर बनला. दुसऱ्यात प्लॅजिओक्लेजचे कण आणि युरोपियमची ठळक तूट होती. म्हणजे खडक तोवर बराच वर आला होता. तिसरा थर आणखी थंड परिस्थितीतला. गंमत अशी, की तिन्ही थरांची वये ५२.६ ते ५२.८ कोटी वर्षांच्या दरम्यान निघाली, आणि प्रत्येक मापनातील अनिश्चितताच ५० ते ८० लाख वर्षांची होती. नुसती वये पाहणाऱ्याने ही एकच घटना मानली असती. रासायनिक खुणांमुळे ते तीन वेगळे टप्पे ठरले आणि वयांतील साम्याचा अर्थ बदलला. सुमारे शंभर किलोमीटरची चढण खडकाने ६० लाखांहून कमी वर्षांत पार केली होती. हा वेग वर्षाला सुमारे १.८ सेंटिमीटर, म्हणजे भूपट्ट सरकतात त्याच्या जवळपास जाणारा.