क्यूबाचा पडदा आणि आपली वस्ती

क्यूबाच्या चित्रपटांचे महोत्सव आज जगातल्या मोठमोठ्या शहरांत भरतात. न्यूयॉर्कमध्ये २००० साली ‘हवाना फिल्म फेस्टिव्हल’ सुरू झाला. ज्या अमेरिकेने १९६२ पासून क्यूबाची आर्थिक नाकेबंदी केली, तिच्याच सर्वांत श्रीमंत नगरीत क्यूबाच्या सिनेमाला टाळ्या मिळतात. या विसंगतीची गंमत वाटेल. परंतु आपण शोषितांच्या बाजूने इतिहास वाचणारी माणसे आहोत. आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा सिनेमा मुळात कोणासाठी निर्माण झाला? आणि त्याचा गौरव करताना कोणाला वगळले जाते? या प्रश्नांची उत्तरे दूरच्या बेटापुरती राहत नाहीत. ती कोकणातल्या बुरोंडीपर्यंत आणि घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापर्यंत येऊन पोचतात.

जानेवारी १९५९ मध्ये क्यूबात क्रांती यशस्वी झाली आणि मार्चमध्येच ‘इकाइक’ ही राष्ट्रीय चित्रपटसंस्था स्थापन झाली. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत ७ लाखांहून अधिक माणसे लिहायला-वाचायला शिकली. पाठोपाठ फिरते चित्रपटगृह निघाले. ट्रकवर, जिथे रस्ता नाही तिथे खेचरांवर, जिथे पाणी आहे तिथे होडीतून प्रोजेक्टर खेड्यापाड्यांत गेला. ओक्ताव्हियो कोर्तासार याने १९६७ साली ‘पोर प्रिमेरा व्हेस’, म्हणजे ‘पहिल्यांदाच’, हा छोटा माहितीपट केला. डोंगरातल्या एका वाडीतली माणसे आधी विचार करून सांगतात की सिनेमा म्हणजे काय असावा. मग रात्री पडदा लागतो, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ सुरू होतो, आणि कॅमेरा पडद्याकडे पाठ फिरवून बघणाऱ्यांचे चेहरे टिपतो. चित्रपटाच्या इतिहासात प्रेक्षकाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

१९६९ च्या अखेरीस हुलिओ गार्सिया एस्पिनोसा या दिग्दर्शकाने ‘अपूर्ण सिनेमा’ची भूमिका मांडली. तांत्रिक सफाई आणि कलात्मक पूर्णता यांच्या मागे धावणारा सिनेमा बहुधा प्रतिगामी असतो. आपल्या सिनेमाने लढणाऱ्या माणसांच्या प्रश्नांशी नाते जोडावे, मग तो ओबडधोबड दिसला तरी चालेल, असा तिचा आशय होता. आपल्या पहिल्या दलित आत्मकथनांना भाषेच्या शुद्धतेचे आणि कलामूल्यांचे माप लावले गेले, ते ज्यांना आठवते त्यांना ही भूमिका वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र आदरापोटी डोळे मिटणे हा आपला धर्म नाही. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. क्रांतीने काळ्या माणसांना बंद असलेले समुद्रकिनारे आणि क्लब खुले केले, शाळा आणि नोकऱ्या दिल्या; हे मोठे काम होते. पण काही वर्षांतच राज्यकर्त्यांनी जाहीर करून टाकले की वंशभेदाचा प्रश्न सुटला. प्रश्न सुटला म्हटल्यावर तो विचारणारा माणूस फुटीर ठरतो. काळ्यांच्या स्वतःच्या संघटना बंद पडल्या. १९६१ साली ‘पी. एम.’ हा हवानाच्या बंदरातल्या रात्रीचा लघुपट अडवला गेला. त्यात नाचणारी, पिणारी माणसे बहुतांशी काळी कष्टकरी होती आणि क्रांतीच्या चित्रात ती बसत नव्हती.

निकोलास गियेन लांद्रियान हा काळा दिग्दर्शक. कॉफीच्या लागवडीवर प्रचारपट करायला सांगितले, तर त्याने ‘कोफेआ आराबिगा’ (१९६८) मध्ये मळ्यातल्या गुलामांचा इतिहास आणि राज्यकर्त्यांची थट्टा दोन्ही आणले. त्याच्या वाट्याला तुरुंग आणि मनोरुग्णालय आले, इकाइकमधून हकालपट्टी झाली. १९८९ मध्ये त्याने देश सोडला आणि २००३ मध्ये तो मायामीत वारला. सारा गोमेस ही इकाइकची काळी स्त्री-दिग्दर्शक. क्यूबात पूर्ण लांबीचा कथापट करणारी ती पहिली स्त्री. तिचा ‘दे सिएर्ता मानेरा’ हा चित्रपट पाडलेल्या झोपडपट्टीतून नव्या वसाहतीत आलेल्या माणसांचा आहे. घर नवे मिळते, पण मनातली पुरुषी अहंता, जुने संस्कार आणि अपमानाचा वारसा मागून येतोच, हे तिने अभिनेते आणि वस्तीतली खरी माणसे एकत्र आणून दाखवले. चित्रपट पुरा होण्याआधी १९७४ साली, ३१ व्या वर्षी, दम्याने तिचा मृत्यू झाला. सहकाऱ्यांनी तो पूर्ण केला आणि १९७७ मध्ये तो पडद्यावर आला. आज लांद्रियान आणि गोमेस महोत्सवांत सन्मानाने दाखवले जातात. त्यांच्या हयातीत हा सन्मान का नव्हता, हे मात्र तिथे अभावानेच विचारले जाते.

आपल्याकडेही हाच युक्तिवाद आपण ऐकला आहे. वर्ग संपला की जात आपोआप संपेल, तोवर जातीचे नाव काढू नका, असे डाव्या चळवळीतल्या अनेकांनी आपल्याला सांगितले. या युक्तिवादाची किंमत विलास घोगरे या शाहिराने मोजली. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण ठार झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गाणाऱ्या या माणसाने मरताना डोक्याला निळे फडके बांधले होते.

आनंद पटवर्धन यांनी आपल्या ‘बॉम्बे अवर सिटी’ (१९८५) मध्ये घोगऱ्यांचे गाणे चित्रित केले होते. पटवर्धनांचा लॅटिन अमेरिकेतल्या लढाऊ सिनेमाचा अभ्यास होता. आणीबाणीत त्यांच्या ‘क्रांती की तरंगें’ची प्रत तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. त्या अनुभवावर त्यांनी पुढे माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गनिमी चित्रपटांविषयी प्रबंध लिहिला. घोगऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी कॅमेरा उचलला आणि १४ वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. या नावातले दोन शब्द एकमेकांशेजारी उभे राहायला किती अवघडतात, हाच त्याचा विषय आहे. जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, शेकडो लोकांसमोर दाखवला गेला. ज्यांची ही कथा, ते प्रेक्षक होते. क्यूबाच्या त्या डोंगरातल्या पडद्याचा खरा वारसा मला या चाळीत दिसतो.

आणि इथून वाट कोकणात येते. हर्णै-दाभोळहून बोटीने मुंबईला गेलेली आपली माणसे अशाच चाळींत आणि झोपडपट्ट्यांत राहिली. याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यांच्या हक्काचे लेखन आणि संघटन केले, याच दापोलीत बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे गेली. बुरोंडीसारख्या मासेमारीच्या बंदरगावात हा इतिहास पडद्यावर कोण आणणार? आज हातातल्या मोबाइलवर सारे चित्रपट दिसतात, हे खरे. पण एकट्याने पाहिलेला चित्रपट एकट्याचाच राहतो. जलशाने आपल्याला जे दिले ते वेगळे होते: एकत्र बसणे, ऐकणे, आणि नंतर भांडणे.

आणखी एक गोष्ट क्यूबाकडून शिकण्यासारखी आहे. सहानुभूतीने चित्रित करणारा कॅमेरा आणि आपल्या हातातला कॅमेरा यांत फरक असतो. सारा गोमेस वस्तीतल्या स्त्रीशी बोलते तेव्हा तो फरक जाणवतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरामागे धावणारे कुटुंब आणि त्याला हसणारे गाव दिसते तेव्हाही तो जाणवतो.

म्हणून महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना आणि आपल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे: क्यूबाचे महोत्सव शहरांत भरू देत, आपण तो सिनेमा वाडीवर आणू या. १४ एप्रिलला मंडप असतो, कर्णा असतो, माणसे असतात. एक पडदा जास्त लागेल. गोमेसचा चित्रपट मराठीत समजावून दाखवावा, त्याच्या जोडीला ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवावा, आणि दिवे लागल्यावर वाडीतल्या बायांना आधी बोलू द्यावे. प्रश्न सुटला असे ज्या दिवशी कोणी जाहीर करील, त्या दिवशी तो प्रश्न पुन्हा विचारण्याचे बळ अशा बैठकांतूनच येणार आहे.