न दुखणारे पाऊल

दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तळपायाच्या वाट्याला तेलाचा उरलासुरला हात येतो. मी वैद्य नव्हे, इतिहास वाचणारा एक नागपूरकर. पण पावलाचे मोल आमच्या नागपूर-वर्ध्याच्या मुलखाने फार जवळून पाहिले आहे, म्हणून हे चार शब्द.

एका पावलात 26 हाडे. घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली करतो. त्याखालचा सांधा ते आत-बाहेर कलवतो, म्हणून ढेकळांच्या शेतातही आपण सावरतो. टाच टेकते, भार चवड्यावर येतो, पोटरी टाच उचलते आणि अंगठा आपल्याला पुढे लोटतो. या साऱ्यावर वेदनेचा पहारा असतो. खडा टोचला की आपण लंगडतो आणि कातडी वाचते.

कुष्ठरोग हाच पहारा उठवतो. गुडघ्याखालची बाहेरची नस दुबळी झाली की पाऊल लोंबते. आतल्या घोट्यामागची गेली की तळवा बधिर होतो. काटा रुतला तरी माणूस चालतच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. 1873 साली नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला, तरी लोक त्याला पूर्वजन्मीचे पापच म्हणत राहिले.

अशा काळात, 1936 साली, मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींना स्वतः मालीश करीत. नागपूरला वकिली शिकलेले बाबा आमटे 1951 साली साधनाताईंसह, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय घेऊन वरोऱ्याच्या माळरानावर गेले, तेच आनंदवन.

त्याच सुमारास वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की मांस आपोआप सडत नाही. न दुखणाऱ्या पायावर तोच भार पुन्हा पुन्हा पडून ते फाटते. पायाला विसावा दिला की जखम भरते. मग मऊ रबरी तळाच्या चपला आल्या. नडगीमागच्या स्नायूचा कंडरा पुढे वळवून लोंबते पाऊल उचलणारी शस्त्रक्रिया आली. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधोपचार सुचवला. आज रोग बरा होतो. पार गेलेली संवेदना मात्र बहुधा परतत नाही. तिथे रोज डोळ्यांनीच पहारा करावा लागतो.

मधुमेहानेही तळवे असेच बधिर होतात. तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याला वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा त्यांचे तळवेही पाहा. न दुखणारे पाऊल गाऱ्हाणे सांगत नाही.