चंद्रावरच्या सावल्या कोणी वाचल्या?

१/ ५ ऑगस्ट १६०९. लंडनजवळच्या सायन हाउस येथे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि जे दिसले ते कागदावर रेखाटले. दुर्बिणीतून पाहून काढलेले चंद्राचे हे पहिले ज्ञात चित्र. गॅलिलिओच्या काही महिने आधीचे! तरीही चंद्रावरील पर्वतांच्या शोधाशी हॅरियटचे नाव का जोडले जात नाही?

२/ त्याच्या चित्रात उजेड आणि काळोख यांच्यामधली एक वाकडीतिकडी सीमारेषा आहे आणि काही डाग आहेत. ती रेषा वाकडी का, याचा उलगडा मात्र नाही. त्याचा मित्र विल्यम लोअर यानेही वेल्समधून चंद्र न्याहाळला. त्याला तो आपल्या आचाऱ्याने केलेल्या टार्टसारखा भासला: कुठे उजळ, कुठे काळसर, सगळीच सरमिसळ!

३/ यात दोष डोळ्यांचा नव्हता. ॲरिस्टॉटलच्या परंपरेनुसार आकाशस्थ गोल निर्दोष आणि गुळगुळीत असत. खाचखळगे पृथ्वीच्या वाट्याचे. मग चंद्रावर सावली पडेलच कशी?

४/ नोव्हेंबर १६०९ च्या अखेरीस पादुआ येथे गॅलिलिओने सुमारे वीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण चंद्रावर रोखली. फ्लोरेन्सच्या कलापरंपरेत वाढलेल्या या माणसाला चित्रकलेची जाण होती. छायेवरून उठाव कसा ओळखावा, हे त्याला ठाऊक होते.

५/ त्याला दोन खुणा सापडल्या. सीमारेषेजवळच्या लहान डागांची सूर्याकडील बाजू काळी आणि पलीकडची कड उजळ होती. सूर्योदयी आपल्या दऱ्याखोऱ्यांत हेच दिसते. शिवाय काळोख्या भागात सुटे प्रकाशबिंदू चमकत होते. दोन-तीन तासांत ते वाढत जाऊन उजळ भागाला मिळत. पायथ्याशी रात्र असताना शिखरांवर ऊन पोहोचले होते!

६/ मग त्याने उंची मोजली. काही बिंदू सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाहूनही दूर होते. व्यास २००० मैल धरला, तर हे अंतर १०० मैल आणि त्रिज्या १००० मैल. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो सुमारे १००५. म्हणजे शिखर चार मैलांहून उंच! पायथागोरसचे प्रमेय थेट चंद्रावर जाऊन पोहोचले.

७/ मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे त्याचा ‘सिडेरिअस नुन्सिअस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये हॅरियटने पुन्हा चंद्र रेखाटला. आता त्याच्याही चित्रांत विवरे उमटली.

८/ विरोधही झाला. लोदोव्हिको देल्ले कोलोंबे म्हणाला, दऱ्या पारदर्शक स्फटिकाने भरलेल्या आहेत, म्हणून चंद्र गुळगुळीतच! गॅलिलिओचे उत्तर मार्मिक होते: मग मीही म्हणेन, त्याच अदृश्य स्फटिकाचे प्रचंड उंच पर्वत तिथे उभे आहेत.

९/ १६१२ मध्ये गॅलिलिओचा चित्रकार मित्र चिगोली याने रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये मेरीच्या पायाखाली विवरांचा चंद्र रंगवला. पृथ्वी आणि आकाश यांच्यातली भिंत ढासळू लागली होती. ती ढासळवली भिंगांनी, आणि सावलीचा अर्थ लावणाऱ्या नजरेने.

१०/ दुर्बीण मिळाली तर पौर्णिमेची वाट पाहू नका. तेव्हा ऊन समोरून पडते आणि सावल्या लोपतात. शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यान सीमारेषेवर नजर ठेवा. काळोखात एखादा सुटा प्रकाशबिंदू दिसला, तर त्या शिखरावर नुकताच सूर्य उगवला आहे असे समजा.